इकिमोतूच्या छातीतलं दूध

इकिमोतू नीरफणसाच्या झाडावरून पडला तेव्हा हाक मारायला जवळपास कोणी नव्हतं. बेटावरच्या लिकू गावाच्या त्या टोकाला तसंही कोणी उरलं नव्हतं. त्याच्या घराच्या अलीकडची सगळी घरं ऑकलंडला गेलेल्यांची. एकाचं छप्पर वादळात उडालेलं, एकाच्या न्हाणीत पपई उगवून खिडकीबाहेर आलेली. पलीकडे फक्त मोकालेई म्हातारी राहायची, आणि तिला कानाशी येऊन बोलल्याशिवाय ऐकू येत नसे.

फांदी मोडली आणि तो पाठीवर आपटला. पाठीखाली नेमका पोवळ्याच्या खडकाचा उंचवटा आला. अंग कमानीसारखं मागे वाकलं, श्वास गेला आणि परत यायला बराच वेळ लागला. आला तसा तो कुशीवर वळला, बसला, मग उठला. हातपाय जागच्या जागी होते. सांडलेले नीरफणस गोळा करून तो घरी आला आणि कोणाला काही बोलला नाही. बोलायचं म्हटलं तर सांगायचं कोणाला, हाही प्रश्न होताच. बायको सिना वारली त्याला बरीच वर्षं झाली होती. मुलगी फिसा अठराव्या वर्षी विमानात बसून ऑकलंडला गेली, ती तिकडचीच झाली.

साठीकडे झुकलेला, रुंद खांद्यांचा, अबोल माणूस. पण गावात कोणाकडे कार्य निघालं की पहिला निरोप त्याला जायचा, कारण नारळाचं दूध काढावं तर इकिमोतूनेच. खवणीच्या पाटावर मांडी टाकून बसला की वाट्यांमागून वाट्या रिकाम्या व्हायच्या. मग तो सोडणाच्या काथ्यात खोबरं गुंडाळून असा पिळायचा की दंडाच्या शिरा फुगायच्या आणि पातेल्यात जाड, पांढरी धार पडायची. पाण्याचा थेंब नाही. त्या दुधात अळूच्या गड्ड्यांचे आणि पपईचे काप थरावर थर लावून, पानात बांधून, उमूच्या, म्हणजे जमिनीत खणलेल्या चुलीच्या, तापल्या दगडांवर ठेवले की होते ती ताकिही. बाहेरगावचे लोक लिकूच्या ताकिहीचं नाव काढत, आणि लिकूची म्हणजे इकिमोतूची, हे सगळ्यांना ठाऊक होतं. कामापुरतं बोलणं व्हायचं, माणसांत बसणं व्हायचं, पंगतीला पोटभर जेवणं व्हायचं. त्याचं लोकांत असणं ते तेवढंच.

पडल्यानंतर थोड्याच दिवसांनी लांगितोआच्या मुलाचे वाढवलेले केस कापायचा सोहळा होता. लांगितोआ त्याचा चुलतभाऊ, वयाने बराच लहान. इकिमोतूच्या बरगड्या दुखत होत्या, पण नाही म्हणणं त्याच्या जिवावर आलं. त्याने नेहमीसारखे नारळ खवले, दूध पिळलं, उमू लावली आणि पंगतीत बसून ताकिही, डुकराचं मांस, माशाचं कालवण असं सगळं चापून खाल्लं. दुसऱ्या दिवशी चालताना धाप लागू लागली. त्याच्या पुढच्या दिवशी मोकालेईच्या दारापर्यंत जाऊन तो उंबऱ्यावरच बसला. म्हातारीने त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि लांगितोआला बोलावून आणलं. लांगितोआ त्याला ट्रकमधून बेटाच्या मुख्य गावी, अलोफीच्या इस्पितळात घेऊन गेला.

इस्पितळात डॉक्टर लुसेआने होती. मूळची टोंगाची, पण बेटावर इतकी रुळलेली की लोक तिला रस्त्यात थांबवून दुखरे पाय दाखवत. तिने छातीचा फोटो काढला. डाव्या फुप्फुसाभोवती पाणी साचलं होतं. पाणी म्हणजे रक्त असणार असं तिला वाटलं. तिने पाठीत सुई घातली आणि पिचकारी मागे ओढली, तेव्हा नळीत आलं ते रक्त नव्हतं. पांढरंशुभ्र, दाट काहीतरी होतं. लांगितोआ खाटेशी उभा होता. तो एवढंच म्हणाला, "दादा, हे तर नारळाचं दूध आहे."

लुसेआनेला हसू आलं नाही. तिने ती पिचकारी उजेडात धरून पाहिली, बाजूला ठेवली आणि इकिमोतूच्या मागे जाऊन बसली.

"काका, जे सांगते ते नीट ऐका," ती म्हणाली. "आपण खातो ते पोटात आणि आतड्यात मोडून मोडून बारीक होतं. मग ते आतड्याच्या भिंतीतून आत शिरतं. पिठाची साखर होते, मांसामाशाचे बारीक तुकडे होतात, आणि ते सगळं रक्तातून आधी यकृतात जातं. यकृत ठरवतं काय ठेवायचं, काय पुढे पाठवायचं. पण तेल, तूप, नारळाचं दूध, यांची वाट वेगळी. त्यांचे थेंब रक्ताच्या त्या बारीक नळ्यांत मावत नाहीत. आतड्यात त्यांच्यासाठी दुसऱ्या नळ्या असतात. त्या सगळ्या मिळून पोटाच्या मागे एक मोठी नळी होते."

आणि तिने त्याच्या कमरेवर, मणक्यांच्या कडेला बोट ठेवलं. ते बोट हळूहळू वर आणलं, पाठीवरून, खांद्याच्या पात्यांमधून, आणि मग डाव्या बाजूने पुढे घेऊन गळ्याच्या हाडाखाली थांबवलं. "इथे. इथे ती रक्तात मिळते. खाल्लेलं सगळं स्निग्ध या एका वाटेने वर येतं, आणि तिथून काळजात जाऊन अंगभर फिरतं. तुमची ती नळी मध्येच फाटली आहे. तुम्ही पडला होतात का?"

तेव्हा कुठे त्याने झाडाची गोष्ट सांगितली. लांगितोआने कपाळावर हात मारला. इकिमोतूच्या मनात मात्र दुसरंच चाललं होतं. पाठीवरून कोणाचं बोट असं सावकाश फिरल्याला किती वर्षं झाली, ते त्याला आठवेना.

पंगतीत खाल्लेलं सगळं छातीत सांडलं होतं, आणि जितकं खाईल तितकं सांडणार होतं. बेटावर यावर इलाज नव्हता. छातीत नळी बसवून, ती बाटलीला जोडून, पुढच्या विमानाने त्याला ऑकलंडला पाठवलं. विमानतळावर मोकालेई आली होती. तिने त्याच्या मांडीवर टोपलीभर उकडलेलं अळू ठेवलं. नर्सने ते हळूच काढून घेतलं, तर म्हातारी तिच्यावरच तडकली, "उपाशी पाठवता का माणसाला?"

तिचं म्हणणं खरं ठरलं. ऑकलंडच्या मोठ्या इस्पितळात त्याचं खाणंपिणं पूर्ण बंद झालं. तोंडात घोटभर पाण्यापलीकडे काही जायचं नाही, कारण आतड्याला काम दिलं की त्या नळीतून ओघ चालू होणार, आणि ओघ चालू असला की फाटलेलं जुळणार कसं? जेवण शिरेतून मिळायचं. खाटेशेजारच्या दांडीला पिशव्या टांगलेल्या असत. एक पिवळसर, तिच्यात साखर, मीठ आणि मांसातले ते बारीक तुकडे, आणि एक पांढरी, तेलाची. ते तेल सरळ रक्तात पडे, फाटलेल्या नळीच्या वाटेला जातच नसे. वरून एक पांढरी पिशवी आत रिकामी व्हायची आणि खाली छातीतल्या नळीतून बाटलीत पांढरं उतरायचं, निदान पहिल्या दिवसांत तरी. पुढे बाटलीतलं पाणी पिवळट झालं, पण थांबलं नाही.

भूक लागत नव्हती असं नाही. पोटाला लागायची त्याहून जास्त तोंडाला लागायची. पण खरा त्रास व्हायचा तो जेवणाच्या वेळेला. गाड्यांची खडखड यायची, झाकणं उघडायची, वॉर्डभर भाजलेल्या कोंबडीचा वास सुटायचा आणि प्रत्येक खाटेवर माणसं ताटाकडे वळायची. त्याच्यासमोर ताट नाही. मग तो खिडकीकडे तोंड करून पडायचा. जेवताना माणसं एकमेकांशी थोडं बोलतात. ज्याच्या हातात चमचा नाही त्याच्याशी काय बोलावं ते कोणाला सुचत नाही. बेटावर कार्य नसलेल्या दिवशी तो एकटाच जेवायचा, पण ते एकटं जेवणं आणि हे वेगळं होतं.

शेजारच्या खाटेवर क्लाइव नावाचा म्हातारा होता. जन्मभर दुधाचा टँकर चालवलेला. त्याने बाटलीत डोकावून पाहिलं आणि म्हणाला, "आयुष्यभर दूध वाहिलं मी, पण टाकी अशी गळलेली पाहिली नाही. तुला कंपनीने कधीच कामावरून काढलं असतं." इकिमोतू हसला, हसताना छातीत कळ आली. क्लाइव जेवताना आपलं ताट मुद्दाम खाटेच्या पलीकडच्या कडेला ठेवायचा आणि पाठ करून खायचा. असं त्याच्यासाठी करणारा तो एकटाच. पुढच्या आठवड्यात त्याला घरी सोडलं. त्या खाटेवर आलेला माणूस पडदा ओढून घ्यायचा.

फिसा यायची, पण तिच्या कामाच्या पाळीप्रमाणे. ती विमानतळाजवळच्या मोठ्या स्वयंपाकघरात कामाला होती. तिथे प्रवाशांची जेवणं लहान लहान ताटल्यांत भरून पाठवत. ती पांढरा डगला घातलेलीच यायची, खुर्चीत बसायची, कसं वाटतंय विचारायची. तो म्हणायचा बरं. मग दोघं बाटलीकडे बघत बसायचे. बापलेकीत वितुष्ट असं नव्हतं. बोलायची सवयच कधी लागली नव्हती. सिना होती तोवर दोघांचं बोलणं तिच्यातर्फे चालायचं. ती गेल्यावर फिसा महिन्यातून एकदा फोन करायची. हवामान, विमानाच्या वेळा, चर्चमध्ये कोण वारलं, एवढं झालं की दोन्हीकडे शांतता व्हायची आणि कोणीतरी म्हणायचं, बरं मग, ठेवते.

दोनतीन आठवडे गेले आणि गळती थांबेना, तेव्हा डॉक्टर पेनरोज नावाच्या सर्जनबाई आल्या. त्या म्हणाल्या की आता छाती उघडून नळी बांधावी लागेल. फिसा त्या दिवशी नेमकी हजर होती. तिने विचारलं, "बांधली तर मग तेल जाणार कुठून?"

पेनरोजबाईंनी सांगितलं की मोठ्या नळीशिवायही अंगात लहान लहान वाटा असतात. मोठी बंद झाली की ओघ त्या वाटांनी शिरतो आणि हळूहळू त्याच रुंद होतात. काही महिने जपावं लागतं, मग माणूस सगळं खाऊ शकतो. अडचण एकच होती. उपाशी माणसाच्या अंगात ती नळी दिसत नाही. पेन्सिलीतल्या शिशाएवढी बारीक, रंगहीन, मणक्याला चिकटलेली. म्हणून शस्त्रक्रियेच्या आधी सकाळी त्याला मलई पाजायची. नळी दुधाने भरली की कुठून गळतंय ते पांढरं पांढरं दिसेल.

"आम्ही गाईची मलई देतो," बाई म्हणाल्या, "पेलाभर."

फिसाने बापाकडे पाहिलं आणि विचारलं, "नारळाचं दूध चालेल का?"

बाईंना हा प्रश्न कोणी कधी विचारला नसावा. त्या म्हणाल्या की नारळातली काही चरबी इतकी हलकी असते की ती त्या नळीतून न जाता सरळ रक्तातून यकृतात जाते, म्हणून नुसत्या नारळावर भागणार नाही. पण अर्धं ते आणि अर्धी मलई चालेल. घट्ट हवं मात्र.

दुसऱ्या दिवशी सकाळी फिसा आली ती झाकणाचा डबा घेऊन. डोळे तांबारलेले होते. हाताच्या बोटांना खवणीने ओरखडे काढले होते. तिने डबा उघडून त्याच्यापुढे धरला. इकिमोतूने तो जरासा तिरपा केला आणि दूध कडेवरून कसं ओघळतं ते पाहिलं.

"पाणी घातलंस?"

"थोडंसं. निघतच नव्हतं."

"निघतं. दंड भरून आला की मग निघतं."

"मला कोणी शिकवलं?" फिसा म्हणाली. आवाज चढला नव्हता. "मी पाटाशी येऊन बसले की तुम्ही म्हणायचात, जा, आईला मदत कर. आई म्हणायची, जा, बाबांना विचार. मग मी समुद्रावर जाऊन बसायचे."

ती पाटाशी येऊन बसायची हे इकिमोतूला आठवत होतं. आपण जा म्हणायचो हे आठवत नव्हतं, पण म्हणत असणार. त्याने डबा तोंडाला लावला.

इतक्या दिवसांनी जिभेवर काही आलं होतं. कोमट, गोडसर, थोडं कच्च्या लाकडाच्या वासाचं. बाजारातला नारळ जुना होता, खोबरं जरा खवट होतं, पाणी तर होतंच. तरी पहिला घोट घशाखाली गेला आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. फिसा घाबरून उठली, नर्सला बोलावू का म्हणाली. त्याने हाताने नको म्हटलं.

"तुझ्या आईचंही असंच पातळ व्हायचं," तो म्हणाला. "लग्न झाल्यावर मी तिला दुधाला हात लावू दिला नाही."

"आई ते सगळ्यांना सांगायची. म्हणायची, नवऱ्याने माझं एक काम कायमचं वाचवलं." फिसा हसली, आणि डब्याच्या कडेला राहिलेलं बोटाने पुसून तिने चाटलं. मग नर्सने आणलेली मलई त्याने औषधासारखी गिळली. त्या खुर्चीत फिसा शस्त्रक्रियेला नेईपर्यंत बसून राहिली. तिने त्याच्या पायांवरचं पांघरूण दोनदा नीट केलं.

छाती उघडली तेव्हा मणक्याच्या कडेला नळी पांढऱ्या दोऱ्यासारखी दिसली आणि एका जागी तिच्यातून थेंब फुगत होता. पेनरोजबाईंनी त्याच्या खाली गाठ मारली. त्यांनी हे नंतर येऊन सांगितलं तेव्हा इकिमोतूने थेंब केवढा होता ते विचारलं. त्यांनी करंगळीचं नख दाखवलं.

गळती थांबली. फिसा त्याला ऑकलंडच्या मांगेरे भागातल्या आपल्या घरी घेऊन गेली. तिथे त्याला एक खोली होती, तिच्या मुलांची, आणि मुलं बैठकीत झोपत होती. ती कामाला गेली, मुलं शाळेत गेली की घर इतकं गप्प व्हायचं की फ्रिजची घरघर ऐकत तो बसायचा. खाणं सुरू झालं होतं, पण स्निग्ध काही नाही. कोरडा भात, उकडलेला मासा, फळं, आणि चमचाभर एक तेल, बाटलीतलं, पाण्यासारखं निर्मळ. आहार सांगणाऱ्या बाईने सांगितलं की हे नारळापासूनच काढतात. नारळातला तो हलका भाग, जो सरळ रक्तातून यकृतात जातो, त्या नळीच्या वाटेला जातच नाही. इकिमोतूने बाटली नाकाशी नेली. कसलाच वास आला नाही. त्याने दुसऱ्यांदा हुंगून पाहिलं, आणि झाकण लावून टाकलं.

राहा इथेच, असं फिसा म्हणाली. एकदा, दोनदा, जाण्याच्या आदल्या दिवशीही. मनापासून म्हणत होती. त्याने अळूची शेती ओस पडेल म्हणून सांगितलं. ते खरंच होतं. पण मुलांची खोली अडवून बसल्याची टोचणी त्याला त्याहून जास्त होती.

लिकूला तो परतला तेव्हा लोकांनी त्याला गराडा घातला. चर्चमध्ये त्याच्यासाठी प्रार्थना झाली. आणि सगळ्यांनी सगळं लक्षात ठेवलं. पहिल्याच पंगतीत त्याच्यापुढे वेगळी ताटली आली, पांढरं अळू आणि पाण्यात शिजलेला मासा, वर फडकं झाकून. कोणीतरी त्याच्यासमोरची ताकिही उचलून लांब नेली, त्याला मोह नको म्हणून. बायका हळू आवाजात विचारायच्या, हे चालतं का रे, ते चालतं का. त्याच्याजवळ बसलेले लोक आपलं खाणं आवरतं घ्यायचे. दूध आता लांगितोआ काढायचा, अर्धं विकतच्या डब्यातलं मिसळून, आणि इकिमोतूला लांब सावलीत खुर्ची द्यायचे. इतकी काळजी घेत होते की कोणावर रागावायलाही जागा नव्हती. एक पंगत त्याने चुकवली, मग दुसरी. पुढे निरोप येणंही विरळ झालं. त्याला दगदग नको, असं लोकांनी आपसांत ठरवलं असावं.

मोकालेई मात्र ऐकणारी नव्हती. ती सिनाची मावशी, म्हणून त्याचीही मावशी. रोज संध्याकाळच्या आधी काठी टेकत यायची, फडक्यात बांधलेलं काहीतरी ठेवायची आणि समोर बसायची.

"संपव. संपवलेलं बघितल्याशिवाय मी हलणार नाही."

"मावशी, भूक नाही," तो तिच्या कानाशी म्हणायचा.

"भुकेचं मी विचारलं नाही."

तिला ऐकू येत नसल्याने वाद घालण्यात अर्थ नव्हता. तो खायचा, ती त्याच्या घासांकडे बघायची आणि गावातल्या बातम्या ओरडून सांगायची. त्याला ते सोसेना. आजाऱ्यासारखं कोणी आपल्या तोंडाकडे बघत बसावं हे त्याला लागायचं. तिच्या येण्याच्या वेळेला तो रानात अळूच्या शेतावर राहू लागला. ती ताटली उंबऱ्यावर ठेवून जायची. मग शेतावर जायचाही कंटाळा आला, तेव्हा तो घरातच दार लावून बसू लागला.

असाच एके दिवशी तो मागच्या चुलीशी बसला होता, तेव्हा दारावर काठी वाजली. मोकालेई नेहमीपेक्षा लवकर आली होती. त्याने हातातलं लाकूड खाली ठेवलं आणि तो हललाच नाही. ती बराच वेळ दाराशी होती. एकदा काठी वाजवली, मग थांबली, मग पुन्हा वाजवली.

"इकी, मी आलेय रे," ती ओरडून म्हणाली. "असशील तर ये बाहेर."

बाहेर कपड्यांची सळसळ झाली, ती पायरीवर बसली असावी. मग काठीचा आवाज आला, उठल्याचा.

"बरं. नीट राहा."

पावलं दूर गेली. त्याने दार उघडलं तेव्हा पायरीवर फडक्यात बांधलेला उकडलेला कणगराचा कंद होता. तो त्याने खाल्ला. दुसऱ्या दिवशी ती आली नाही, त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. शेवटी म्हातारीच्या लक्षात आलं, असं त्याला वाटलं आणि थोडं हलकंही वाटलं.

त्याच आठवड्यात तपासणीसाठी तो अलोफीला गेला. लुसेआनेने छातीचा फोटो काढला आणि तो खिडकीवर धरून त्याला दाखवला. दोन्ही फुप्फुसं काळी, म्हणजे स्वच्छ.

"झालं काका," ती म्हणाली. "अंगाने आपल्या वाटा शोधल्या. आता सगळं खा. सुरुवातीला जरा बेताने, पण सगळं."

"नारळ?"

"नारळ तर आधी."

घरी येऊन त्याने खवणीचा पाट झाडून पुसून घेतला. दंडातली ताकद कमी झाली होती, मध्ये मध्ये थांबावं लागलं, पण पाणी घातलं नाही. अळू सोललं, पपई कापली, थर लावले, पानं बांधली. परसात लहानशी उमू पेटवली. ताकिही एका माणसापुरती होतच नाही. कितीही लहान करा, चारसहा जण जेवतील एवढी होते. शिजेपर्यंत तो तिथेच बसून राहिला आणि वाफ बाहेर येऊ लागली तसं त्याच्या मनात आलं की पहिला तुकडा मावशीला द्यावा. तिच्यासमोर बसून खावं आणि तिला संपवलेलं बघू द्यावं. इतक्या दिवसांत तिच्याकडे जाताना पहिल्यांदाच त्याचे पाय उचलत होते.

मोकालेईच्या घराला बाहेरून कडी होती. खिडक्यांना आडव्या फळ्या ठोकलेल्या. परसात कोंबड्या नव्हत्या. दोरीवर कपडा नव्हता. तो गरम पुडकं हातात घेऊन अंगणात उभा राहिला. एका हातातून दुसऱ्या हातात, असं करत होता. लांगितोआचा ट्रक रस्त्याने चालला होता, तो थांबला.

"मावशी कुठे?"

"कुठे म्हणजे? शुक्रवारच्या विमानाने गेली की ऑकलंडला, मुलाकडे. आता तिकडेच राहणार. डोळेही जायला लागलेत तिचे." लांगितोआ ट्रकमधून उतरला. "तुला भेटून गेली ना?"

"आली होती."

"तेच. म्हणाली, इकी घरात होता, चुलीचा धूर येत होता. पण थकलेला असेल, झोपू दे म्हटलं."

इकिमोतू पायरीवर बसला. लांगितोआला काही कळलं की नाही कोण जाणे, पण तोही बाजूला बसला. इकिमोतूने पुडकं सोडलं. दोघांनी हाताने तोडून खाल्लं. ताकिही चांगली झाली होती, काठांवर दूध आटून तांबूस झालं होतं. लांगितोआने बोटं चाटत सांगितलं की मी डब्यातलं मिसळतो ना, त्याला ही चव येत नाही, शनिवारी गावच्या उमूवर येशील का? इकिमोतू हो म्हणाला. मग लांगितोआला बंदरावरून माणसं आणायची होती, तो गेला.

इकिमोतू तिथेच बसून राहिला. डॉक्टरीणबाईने बेताने खा म्हणून सांगितलं होतं, पण त्याने आणखी एक तुकडा खाल्ला. पोटात ऊब होती. आत आता काय चाललं असेल, दूध कोणत्या बारीक वाटांनी मानेकडे निघालं असेल, असं त्याच्या मनात आलं आणि त्याने गळ्याच्या हाडाखाली हात ठेवून पाहिला. काही लागत नव्हतं, नुसता ठोका लागत होता.

संध्याकाळी त्याने फिसाला फोन लावला. स्वतःहून फोन लावायची ही पहिलीच वेळ, म्हणून ती घाबरून बाबा काय झालं म्हणाली. त्याने सांगितलं, बरा झालो. मग मोकालेईच्या मुलाचं घर तिला ठाऊक आहे का ते विचारलं. मांगेरेतच होतं, दोन रस्ते पलीकडे. जाऊन ये, असं तो म्हणाला. काय सांगू तिला, फिसाने विचारलं. तो बराच वेळ काही बोलला नाही, आणि तीही ठेवते म्हणाली नाही.

"सांग, इकी घरात होता," तो म्हणाला. "जागा होता."

फिसा जाऊन आली. मोकालेईला खुर्चीत बसवलं होतं, तिला नीट दिसत नव्हतं, ऐकायला तर नव्हतंच येत. फिसाने तिच्या कानाशी जाऊन निरोप ओरडून सांगितला. म्हातारी म्हणाली, मला ठाऊक होतं, आणि इकी काय जेवला ते विचारलं.

म्हातारी लिकूला परत आली नाही. आता दर शनिवारी इकिमोतू उमूवर जातो, दूध पिळतो, पंगतीत सगळ्यांच्या ताटातलंच खातो. लोक त्याची आता वेगळी काळजी घेत नाहीत. अंधार पडायच्या आत तो घराकडे निघतो. लिकूच्या त्या टोकाला वळल्यावर आपलं घर मागे टाकून तो आधी मोकालेईच्या घरापर्यंत जातो. फळ्या अजून आहेत, आणि परसात तिने लावलेल्या कणगराचे वेल तो अधूनमधून वर बांधून देतो, कारण नाहीतर ते कुंपणावरून रस्त्यावर येतात.